आधी ‘नारळ’, मग आपली कादंबरी

दिवेलागण होते, आत्या पडवीत पुस्तक उघडून बसते आणि चौथ्या ओळीला भाचा वही घेऊन हजर. मग एक डोळा पुस्तकात, एक डोळा वहीत. अर्ध्या तासाने बघावं तर आत्याची दोन पानं उलटलेली, पण त्यात काय होतं ते आठवत नाही. आणि भाच्याने ‘कमळ’ तीनदा चुकीचं वाचलं, ते कुणी ऐकलंच नाही. ज्या घरात वाचनाचं वेड असलेलं एक माणूस आणि अक्षरं जुळवणारं एक पोर आहे, तिथे हे थोड्याफार फरकाने रोज होतं. काका, मामा, मावशी, आजी कुणीही असोत.

दोन वाचनं एका वेळेत कोंबायची नाहीत, एवढंच पथ्य आहे. पोराची पंधरा मिनिटं पूर्ण पोराची. आपलं पुस्तक मिटलेलं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सोळाव्या मिनिटाला वही बंद, मग पोराने आणखी मागितलं तरी. इथे हात सैल सोडला की पंधराची चाळीस होतात, चार दिवसांनी आपल्यालाच कंटाळा येतो आणि मग आठवडाभर काहीच होत नाही. रोजची पंधरा मिनिटं आठवड्यात पावणेदोन तास होतात. रविवारी एकदम दोन तास बसवलं तर पहिल्या वीस मिनिटांनंतरचं सगळं वाया.

क्रमही हाच ठेवा: आधी पोराचं, मग आपलं. उलटं केलं की प्रकरण ऐन रंगात असताना उठावं लागतं आणि तो राग ‘ध’चा ‘घ’ वाचणाऱ्या पोरावर निघतो.

वेळ आणि जागा

शाळेतून आल्यावर खाणं, मग खेळणं, मग पंधरा मिनिटं, मग जेवण. जेवणानंतर पोर पेंगतं आणि पेंगुळलेल्या डोळ्यांना मात्रा दिसत नाहीत. साधारण साडेसहा ते सातच्या मधली वेळ बहुतेक घरांत जमते.

पावसाळ्यात पत्र्याच्या पडवीत बसू नका. सरीचा आवाज असा असतो की पोर ‘पाट’ म्हणालं की ‘पाठ’ हे कळत नाही. चूक ऐकू आली नाही तर ती पक्की होते. माजघरात या, पोराच्या शेजारी बसा, समोर नको; समोर बसलं की आपल्याला पान उलटं दिसतं. दिवा पोराच्या डाव्या बाजूला (पोर डावखुरं असेल तर उजव्या), म्हणजे बोटाची सावली ओळीवर पडत नाही. जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही, तेव्हा चार्जिंगचा दिवा दुपारीच चार्ज करून ठेवायचा. मेणबत्तीची ज्योत हलते, त्या उजेडात अनुस्वार आणि छपाईचा ठिपका यांत फरक राहत नाही.

वर्षभर एकच वेळापत्रक कोकणात चालत नाही, चालवू पण नये. आंबा-काजूच्या दिवसांत घरातलं मोठं माणूस बागेत असतं. तेव्हा पंधराची पाच मिनिटं करा, फक्त अक्षरांची जुनी कार्डं फिरवा, नवीन काही नको. मच्छीमार घरांत जून-जुलैची मासेमारी बंदी हा उलट सुगीचा काळ आहे. बाबा, काका घरी असतात, जाळी विणत बसलेले असतात. तेव्हा धडा त्यांच्याकडे सोपवा आणि तुमची पंधरा मिनिटं तुम्ही घ्या. गणपतीत धडा बंद.

मात्र शिकवणारे बदलले तरी पद्धत एकच असू द्या. आजी ‘क ला काना का’ घोकून घेते आणि काका नुसता आवाज सांगतो, अशाने पोर दोघांच्या मध्ये लटकतं. घरात आधी ठरवा.

कुठल्या अक्षरापासून

‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने जायची गरज नाही. ओळ पाठ असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गमभन’ची पद्धत, म्हणजे सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घेणं, लिहायला शिकवताना उत्तम, कारण हाताला एकच वळण लागतं. वाचायला शिकवताना मात्र सारखी दिसणारी अक्षरं एकत्र आली की घोळ होतो. भ-म, घ-ध, ब-व, प-ष, ट-ठ-ढ या जोड्यांतलं एक अक्षर पक्कं झाल्यावर निदान दोन आठवडे जाऊ द्या, मग दुसरं.

सुरुवातीला सहा अक्षरं आणि एक काना: म, ग, न, र, स, ळ. एवढ्यात मग, मन, रस, गळ, सरळ, मगर, मामा, नाना, माळ, रान, मासा, सागर आणि नारळ होतात. पोराच्या आसपासच्या जगातले हे शब्द दहा-बारा दिवसांत वाचता येतात. ‘ळ’ इतक्या लवकर कशाला, असं कुणी म्हणेल. पण तो दुसऱ्या कुठल्याच अक्षरासारखा दिसत नाही, म्हणून चटकन लक्षात राहतो. आणि ‘नारळ’ त्याच्याशिवाय होत नाही.

दुसरी खेप: क, त, ल, व, ण आणि दीर्घ वेलांटी. आता ताक, माती, गवत, वरण, साकव, कावळा, वाळवण, कालवण. आणि आता एसटीची पाटीही. ‘मालवण’, ‘कणकवली’, ‘माणगाव’ या तिन्ही नावांत वरच्या अकरा अक्षरांबाहेरचं काही नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना हा धडा फुकट होतो.

पाट्यांची हीच शिडी पुढेही वापरता येते. मात्रा आली की ‘देवगड’ आणि ‘पेण’. उकार आणि ऱ्हस्व वेलांटी आली की ‘कुडाळ’, ‘चिपळूण’, ‘गुहागर’, ‘अलिबाग’. ‘दापोली’ला काना-मात्रा. अनुस्वारासाठी ‘लांजा’, ‘मंडणगड’, ‘सावंतवाडी’. जोडाक्षरांसाठी ‘रत्नागिरी’ आणि ‘संगमेश्वर’. ‘वेंगुर्ला’, ‘हर्णै’ आणि ‘श्रीवर्धन’ सगळ्यात शेवटी. रोज पंधरा मिनिटं दिली तर जोडाक्षरं सोडून बाकीचं चार-पाच महिन्यांत बसतं; जोडाक्षरांना आणखी तीनेक महिने धरा.

कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, पोस्टकार्डाच्या अर्ध्या मापाचे तुकडे कापा, मागच्या कोऱ्या बाजूला जाड मार्करने चार सेंटिमीटर उंच अक्षर काढा. एका कार्डावर एकच अक्षर किंवा एकच शब्द, चित्र नको. चित्र असलं की पोर चित्र वाचतं. वर पारदर्शक चिकटपट्टी फिरवा, नाहीतर जुलैच्या दमट हवेत शाई पसरते आणि ‘म’ला भलतीच गाठ फुटते.

मोबाईलवर अक्षरं दाखवत असाल तर ‘ल’ आणि ‘श’ तपासा. मराठी पुस्तकातला ‘ल’ दोन पाकळ्यांचा. फोनवरचा बहुतेक वेळा हिंदी वळणाचा, उजवीकडे उभी काठी असलेला. ‘श’चंही तसंच. २००९ च्या शासन निर्णयातली मराठी वर्णमाला पाकळीचाच ‘ल’ मानते. पोराला दोन्ही वळणं एकाच आठवड्यात दाखवली तर त्याला ती दोन अक्षरं वाटतात. (याच निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत आले, म्हणून पोराच्या पुस्तकात बाराखडीऐवजी चौदाखडी दिसेल. आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यावरून वाद होतो.)

पंधरा मिनिटांत काय काय

पहिली तीन मिनिटं जुनी कार्डं, आठ ते दहा. जे झटकन वाचलं ते उजव्या गठ्ठ्यात, जे अडलं ते डाव्या. डावा गठ्ठा उद्या पहिला. मग पाच मिनिटं नवीन: एक अक्षर किंवा एक मात्रा आणि तिचे पाच शब्द, त्याहून जास्त नाही. उरलेल्या वेळात पुस्तकातल्या ओळी, सुरुवातीला आळीपाळीने. एक ओळ तुम्ही, एक पोराने. तुमची ओळ वाचताना बोट शब्दाखालून सावकाश सरकवा. ओळ चुकत असेल तर कार्डाची एक पट्टी ओळीच्या खाली धरायला द्या.

पुस्तक झेपतं का, हे बघायला साधी युक्ती आहे. साधारण पन्नास शब्दांचं पान उघडा. पोर जिथे अडेल तिथे तुम्ही एक बोट मिटा. मूठ वळली तर ते पुस्तक अजून दोन महिने फडताळात. एकही बोट मिटलं नाही तर ते धड्यासाठी फार सोपं. एकट्याने वाचायला द्या.

वाचायला काय द्यायचं याची चिंता नको. बालभारतीची पाठ्यपुस्तकं नेटवर फुकट उतरवता येतात. बालभारतीचंच ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही तिथे वाचता येतात. पण ते जोडाक्षरं आल्यावर. त्याआधी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीवर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत, पहिल्या पायरीत पानावर एखादंच वाक्य. छापून घ्या, फोनवर वाचायला दिलं की तिसऱ्या मिनिटाला पोर कार्टूनवर पोचतं.

धडा सोडून आणखी एक गोष्ट रोज हवी. झोपताना दहा मिनिटं तुम्ही वाचायचं आणि पोराने नुसतं ऐकायचं. इथे शिकवणं बंद. ‘हा शब्द कुठला?’ विचारायचं नाही. ही दहा मिनिटं पंधरात मोजू नका आणि पोराला वाचता येऊ लागलं म्हणून बंदही करू नका. पोराच्या डोळ्यांपेक्षा त्याचा कान दोन-तीन वर्षं पुढे असतो.

अडतं कुठे

पोर अडलं की आपली जीभ शिवशिवते. मनात पाच आकडे मोजा. बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला शब्द येतो. नाही आला तर शब्द बोटाने झाका आणि एकेक अक्षर उघडत जा. तरी नाही तर सांगून टाका, आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात आणि मग पोराला वाक्याचा अर्थच लागत नाही.

अक्षरं येतात पण जुळत नाहीत, ही सर्वांत नेहमीची तक्रार. ‘ना... र... ळ’ असं तीन तुकड्यांत वाचून पोर तोंडाकडे बघत बसतं. कारण प्रत्येक अक्षरापाशी ते थांबतं आणि तिसऱ्यापर्यंत पहिलं विसरतं. थांबू देऊ नका: ‘नाऽऽर’ हे ओढत एकत्र, मग ‘नारळ’. शेवटचा ‘ळ’ पूर्ण ताणला तर ‘नारळा’ ऐकू येतं. ‘हाक मारल्यासारखं झटकन म्हण’ सांगितलं की जमतं, कारण बोलताना शेवटचा ‘अ’ आपण म्हणतच नाही. ‘काना-मात्रा-वेलांटी’ ही नावंही वाचताना नकोत. ‘म ला काना मा, स ला काना सा’ करता करता माशाचं शेपूट हातातून सुटतं. नावं लिहिताना येऊ द्या.

ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. म्हणून ‘पिशवी’चं ‘इपशवी’ होतं. वेलांटी बोटाने झाकून आधी ‘प’ वाचून घ्या, मग बोट काढा. आठ-दहा शब्दांत उमगतं.

‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार पुस्तकात वेगळे दाखवत नाहीत. ‘चहा’ मधला च वेगळा, ‘चमचा’ मधला वेगळा, आणि ‘चिंच’मध्ये दोन्ही एकाच शब्दात. नियम सांगू नका. पोराला शब्द तोंडी येतो. एकदा ‘तसं नाही, आपण कसं म्हणतो?’ विचारलं की ते आपोआप दुरुस्त करतं. अनुस्वाराचंही तेच: ‘आंबा’त म्, ‘कंदील’मध्ये न्. ओळखीच्या शब्दांनी सुरुवात केली की जीभच वाट काढते.

खरा कस लागतो ‘र’शी. ‘प्रवास’मध्ये तो पोटात तिरकी रेघ होऊन येतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार होऊन, आणि ‘वाऱ्यावर’मध्ये मध्येच अर्धा आकडा. रफार ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा, म्हणून ‘वेंगुर्ला’चं ‘वेंगुल्रा’ होतं. ‘डोक्यावरचा आधी’ एवढंच वाक्य पुरे. चौथ्या प्रकाराला किनाऱ्यावरच्या पोरांसाठी तयार जोडी आहे: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एकात होडी जाते, दुसऱ्यांतून घाट जातो. दोन कार्डं शेजारी ठेवा, एक तुम्ही म्हणा, पोराने बरोबर कार्ड उचलायचं. मग ‘खाऱ्या पाण्यात’, ‘सुऱ्या’, ‘किनाऱ्यापाशी’.

पाठांतराचा फसवा वाचक ओळखायला शिका. पोर धडा धडाधड म्हणतं आणि नजर आढ्याला. बोट मधल्याच एका शब्दावर ठेवून ‘हा कुठला?’ विचारा, किंवा ओळ शेवटून उलट वाचायला सांगा. अडखळलं तर ते पाठ आहे. रागावू नका, जे पाठ आहे ते कागदाशी जुळवणं हाही धडाच. म्हणूनच गणपतीत आरतीचं पुस्तक हातात द्या. आरत्या कानाला पाठ असतात, जोडाक्षरं भरपूर, आणि सगळे म्हणत असताना बोट शब्दाखालून फिरवलं की पोराला ‘हे ते होय!’ असं कळतं.

पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव बघू’ कधीच म्हणू नका. मुंबईहून आलेल्या काकांसमोर अडखळलेलं पोर पुढचे चार दिवस वहीला हात लावत नाही.

घरात मालवणी, पुस्तकात ‘मला’

पुस्तकात ‘तो आला’ छापलेलं असतं आणि पोर वाचतं ‘तो इलो’. ‘मला’चं ‘माका’, ‘कुठे’चं ‘खंय’. ही चूक नाही, उलट चांगली खूण आहे: पोर अर्थ घेऊन वाचतंय, अक्षरांचा नुसता ठोकळा करत नाही. ‘शुद्ध वाच’ म्हणून डाफरलात तर ते अर्थ सोडून देईल. त्याऐवजी बोट ठेवा आणि विचारा, ‘इथे पहिलं अक्षर कुठलं?’ ‘आ’ दिसला की ‘इलो’ बसत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. वाचून झाल्यावर गोष्ट मात्र मालवणीतच सांगू द्या. समजली की नाही, हे त्यातूनच नीट कळतं.

‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारं पोरही चुकत नाही, तो घरचा उच्चार आहे. वाचताना टोकू नका. लिहिताना ‘न’ काढला तर तेव्हा कार्ड दाखवा. संगमेश्वरी, आगरी, जी बोली घरात असेल तिला हेच लागू.

आता आपलं पुस्तक

इथे बहुतेक मोठी माणसं स्वतःवर अन्याय करतात. ‘पोराचं झालं की वाचू’ म्हणतात आणि मग भांडी, मालिका, फोन. पोराच्या वेळेइतकीच आपली वेळही घड्याळात बांधा. हिशेब सोपा आहे: मराठी कादंबरीच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द, पानाला साधारण दीड-पावणेदोन मिनिटं. पंचवीस मिनिटांत पंधरा पानं. अडीचशे पानांचं पुस्तक सतरा दिवसांत होतं. वाचनालयाची मुदत याहून कमी असेल तर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, नूतनीकरण होतं.

दोन पुस्तकं एका वेळी चालू ठेवा. एक मोडता येण्यासारखं: ललित लेख, कविता, दिवाळी अंक, शब्दकोड्याचं पान असलेली पुरवणी. दुसरं मोडता न येणारं: कादंबरी, चरित्र, अभ्यासाचं काही. पोर जागं असताना पहिलं, पोर झोपल्यावर किंवा पहाटे चूल पेटायच्या आधी दुसरं. गल्लत केली की पुन्हा तो एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. दिवाळी अंक या कामाला फार सोयीचे. १९०९ पासूनची ही मराठी सवय आहे, अंकातला एक लेख दहा-पंधरा मिनिटांत संपतो आणि रद्दीच्या भावात जुना गठ्ठा मिळाला तर वर्षभर पुरतो.

धड्यानंतर लगेच ‘गप्प वेळ’ ठेवा. दोघांनी आपापलं पुस्तक घ्यायचं, कुणी बोलायचं नाही. पोराला वाचता येत नसेल तर ते चित्रं बघेल, चालेल. पहिल्या आठवड्यात चारच मिनिटं, मग दर आठवड्याला दोन वाढवत पंधरापर्यंत न्या. पहिल्याच दिवशी पंधरा ठेवलीत तर पाचव्या मिनिटाला ‘आत्ये, ह्यां काय?’ सुरू होतं आणि तुम्हीच मोडता. त्यावर उपाय पेन्सिल. अडलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारायची आणि पुढे जायचं. वेळ संपल्यावर सगळ्या रेघा एकदम सोडवायच्या. (वाचनालयाच्या पुस्तकात रेघ नको, कागदाचे कपटे घालू द्या.)

या वेळेत तुमच्या हातात कागदाचं पुस्तक हवं. फोनवर तुम्ही थोर चरित्र वाचत असलात तरी पोराला फक्त फोन दिसतो.

प्रवासाची वेळ आपल्या वाचनासाठी मोजू नका. घाटात पान उघडलं की मळमळतं, कारण डोळे स्थिर अक्षरांवर आणि कानातला तोल वळणांवर. एसटीत ऐकायचं ठेवा. कोकण रेल्वेत वाचता येतं, पण बोगद्यांत नेट जातं, तेव्हा ऐकायचं असेल ते आदल्या रात्री उतरवून घ्या.

वाचनालयात मात्र दोघांनी मिळूनच जा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं. पण त्याच्याएवढं जुनं आणि मोठं नसलं तरी तालुक्याच्या, मोठ्या गावच्या वाचनालयात बालविभाग बहुधा असतो. पोराच्या नावाने वेगळं खातं काढा. स्वतःचं पुस्तक त्याने स्वतः निवडायचं, तुम्ही तुमचं. त्याने भलतंच जाड पुस्तक उचललं तरी नेऊ द्या, ते झोपतानाच्या दहा मिनिटांना होईल.

प्रगती मोजायची कशी

दर दोन महिन्यांनी एकदा, आणि पोराला न सांगता. न वाचलेली साधी गोष्ट द्या, मिनिटभरात बरोबर वाचलेले शब्द मोजा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे. दुसरीला ४५ ते ६०. हा आकडा तुमच्यासाठी. पोरासमोर घड्याळ धरलं की ते धावायला लागतं आणि शब्द गिळतं. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा. वेग आहे पण उत्तर नाही, तर पुस्तक सोपं करा.

सहा महिने नियमाने करूनही ओळखीची अक्षरं रोज नव्याने शिकवावी लागत असतील तर आधी डोळे आणि कान तपासा. पुस्तक नाकाशी नेणं, एक डोळा मिटणं, हाक दोनदा मारावी लागणं या खुणा. शाळांत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा, किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. ते ठीक असेल तर शिकण्यातल्या अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी. ती साधारण आठ वर्षांच्या पुढे खात्रीने होते. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात ही अक्षमता नोंदलेली आहे, त्यामुळे शाळेकडून सवलती मागता येतात. तोवर ‘लक्षच देत नाही’ म्हणून मारझोड मात्र नको.

पुस्तकं पावसातून वाचवणं

दोघांची पुस्तकं एकाच कपाटात असतील तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ओल भिंतीतूनच येते. पुस्तकं गच्च कोंबू नका, हवा खेळली नाही की बुरशी. कसर आणि वाळवीसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा, दर महिन्याला बदला. डांबरगोळ्या पोराच्या हाताच्या टप्प्यात नकोत, ती गोळी खाऊ समजून तोंडात जाते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. दर दहा-वीस पानांनी कोरा कागद घाला, पंख्याखाली उभं उघडून ठेवा, कागद ओला झाला की बदला. ऑक्टोबरात ऊन पडलं की सगळी पुस्तकं तासभर पडवीत काढायची. हे काम पोराकडे द्या. पुस्तकं लावताना शीर्षकं वाचून होतात.

फक्त मे महिन्यात येणारं पोर

भाचा मुंबईला आणि तुम्ही गावी, अशी घरं कमी नाहीत. मेमधल्या तीन आठवड्यांत अक्षरं पुरी करायच्या मागे लागू नका. कार्डांचा एक गठ्ठा, पाट्यांची शिडी आणि झोपतानाची गोष्ट, एवढंच. दुपारी आंब्याच्या पेट्या भरताना पेटीवरचं गावाचं नाव वाचायला लावा. भावंडं सगळी जमलेली असतात, तेव्हा मोठ्या पोराला धाकट्याचा धडा घेऊ द्या. मोठ्याचं अडखळणंही त्यात सुटतं आणि तुम्हाला दुपारचं अर्ध प्रकरण मिळतं.

ते परतलं की आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, व्हिडिओ कॉलवर. दोघांकडे तेच पान हवं, म्हणून आदल्या रात्री पानाचा फोटो पाठवून त्यांना छापून घ्यायला सांगा. कॅमेरा पोराच्या तोंडावर नको, पानावर धरायला सांगा, म्हणजे बोट कुठे अडलं ते दिसतं. नेट अडकून आवाज तुटतो तेव्हा चूक पोराची की नेटची ते कळत नाही. शंका आली तर पुन्हा वाचून घ्या, टोकू नका. आणि महिन्यातून एक पोस्टकार्ड. मोठ्या अक्षरांत, चारच ओळी, त्याला येणाऱ्या अक्षरांतच बसतील असे शब्द निवडून. ‘ळ’पर्यंतच आलं असेल तर ‘नारळ’ लिहा, ‘शहाळं’ नको.